महामंदीतील सरकारी लेखक आणि सॅव्हाना नदीकाठचे मळे: हे कागद कसे वाचावेत?

कागदफूल (प्रश्न)

नमस्कार. महामंदीच्या काळात अमेरिकी सरकारने बेकार लिहित्या माणसांना पगारावर घेऊन त्यांच्याकडून ठिकठिकाणचा इतिहास लिहून घेतला. ‘फेडरल रायटर्स प्रोजेक्ट’ हे त्या योजनेचे नाव येथील अनेकांच्या परिचयाचे असेल. तिच्यातून निघालेले दोन प्रकारचे लेखन मी गेले काही महिने वाचत आहे आणि त्या दोहोंचा मेळ मला काही केल्या घालता येत नाही.

पहिला प्रकार म्हणजे जॉर्जिया राज्यातील सॅव्हाना येथील गटाने नदीकाठच्या मळ्यांचा लिहिलेला इतिहास. त्याचे काही भाग आधी जॉर्जिया हिस्टॉरिकल सोसायटीच्या त्रैमासिकात आले आणि १९४७ साली संस्थेने ते सगळे काम पुस्तकरूपाने छापले. जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, घर कोणी बांधले, ते कसे पडले किंवा जळले, हे सारे त्यात मोठ्या निगुतीने नोंदलेले आहे. मात्र त्या जमिनीवर राबणारी शेकडो माणसे मालमत्तेच्या यादीतील आकड्यांच्या रूपानेच काय ती भेटतात. दुसरा प्रकार म्हणजे त्याच योजनेतील लोकांनी, एकेकाळी गुलाम असलेल्या वृद्धांच्या घेतलेल्या मुलाखती. तेथे ही माणसे स्वतः बोलतात खरी, पण ‘निदान तेव्हा पोटभर मिळत होते’ या अर्थाची वाक्ये इतक्या वेळा येतात की वाचणाऱ्याने त्यांचे काय करावे हेच कळेनासे होते.

यातील तीन-चार मुलाखतींचा मराठी अनुवाद करून, त्यांना एक प्रस्तावना जोडून, एका नियतकालिकाला द्यावा असा विचार आहे. हे लिहिणारे खरोखर लेखक होते का, एकाच योजनेतून एवढे विसंगत कागद कसे निघाले, आणि मुलाखतींतील मोडक्या स्पेलिंगांची बोली मराठीत आणायची तर कोणत्या बोलीत, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुने_दफ्तर

प्रस्तावनेत योजनेबद्दल लिहिताना एक काळजी घ्यावी. ही योजना इतिहासाच्या ओढीने सुरू झालेली नव्हती, ती रोजगाराची योजना होती. १९३३ साली अमेरिकेत काम करू शकणाऱ्या दर चार माणसांमागे साधारण एक बेकार होता. मे १९३५ मध्ये ‘वर्क्स प्रोग्रेस अॅडमिनिस्ट्रेशन’ स्थापन झाले, तेव्हा त्याचे प्रमुख हॅरी हॉपकिन्स यांची भूमिका अशी होती की नुसती मदत वाटण्यापेक्षा ज्याला जे काम येते ते त्याला द्यावे. रस्ते आणि पूल बांधणाऱ्यांबरोबर चित्रकार, नट, वादक आणि लेखक यांचाही त्यात समावेश झाला. लेखकांची शाखा त्याच वर्षी जुलैत सुरू झाली आणि तिची सूत्रे हेन्री आल्सबर्ग यांच्याकडे आली.

‘लेखक’ हा शब्द मात्र सैल अर्थाने घ्यावा. पुढे नावारूपाला आलेले काही जण तेथे होते, पण बहुसंख्य मंडळी म्हणजे काम गेलेले शिक्षक, बातमीदार, ग्रंथपाल, कारकून, क्वचित एखादा वकील. मदतीस पात्र ठरलेल्यांच्या यादीत नाव असणे ही त्यांतील बहुतेकांची पहिली पात्रता होती. पगार प्रांताप्रमाणे बदलत असे आणि दक्षिणेकडील राज्यांत तो न्यूयॉर्कच्या मानाने बराच कमी होता. योजनेचे मुख्य काम प्रत्येक राज्याचे मार्गदर्शक पुस्तक तयार करणे हे होते. मळ्यांचे इतिहास आणि मुलाखती हे त्या मोठ्या झाडाला फुटलेले फाटे.

आता मळ्यांच्या लेखनाकडे वळू. अशा माणसांना कोणते काम देता येईल याचा विचार केला, तर नोंदणी दफ्तरात बसून जुने कागद उतरवून घेणे हे सर्वांत सोयीचे होते, कारण त्यात प्रवासाचा खर्च नाही आणि विशेष प्रतिभेचीही गरज नाही. खरेदीखते, मृत्युपत्रे, मोजणीचे नकाशे, वारसांमधील वाटपाचे कागद आणि जुन्या वर्तमानपत्रांतील जाहिराती यांवरून एकेका जमिनीची मालकी मागे मागे नेत जायचे, ही त्यांची रीत होती. मलबेरी ग्रोव्ह या मळ्याचे उदाहरण घ्या. स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांच्या बाजूने राहिलेल्या जॉन ग्रॅहम यांच्याकडून ती जमीन जप्त झाली, राज्याने ती सेनापती नॅथनेल ग्रीन यांना बक्षीस दिली, १७८६ साली ग्रीन वारले आणि १७९३ साली त्यांच्या विधवेच्या आश्रयाला असलेल्या एली व्हिटनी यांनी तेथेच सरकी काढण्याचे यंत्र तयार केले. ही साखळी कागदांवरून जवळजवळ सलग लावता येते.

पण जो कागद मालकी ठरवण्यासाठी केलेला असतो, त्याला मालकच दिसतो. या प्रकारचा इतिहास वाचताना प्रत्येक वाक्याचा कर्ता तपासावा, अशी माझी सूचना आहे. अमुक मालकाने दलदल साफ केली, बांध घातले, भाताचे क्षेत्र वाढवले, असे आपण सहज वाचून पुढे जातो. सॅव्हाना नदीकाठची भातशेती भरती-ओहोटीवर चालत असे. भरतीला वर चढणारे गोडे पाणी लाकडी मोऱ्यांच्या झडपा उघडून खाचरांत घ्यायचे आणि ओहोटीला बाहेर सोडायचे. त्यासाठी मैलोगणती मातीचे बांध घालावे लागत आणि दरवर्षी डागडुजी करून टिकवावे लागत. गुडघाभर चिखलात उभे राहून हे सगळे करणारी माणसे वाक्यातून गेली आणि मालक तेवढा उरला. जॉर्जियाच्या वसाहतीत आरंभी गुलामगिरीला बंदी होती आणि १७५१ पासून ती उठली. नदीकाठी मोठे मळे त्यानंतर उभे राहिले, एवढी एकच गोष्ट मनात ठेवली तरी त्या वाक्यांचा खरा कर्ता कोण हे ध्यानात येते.

आणखी एक. हेन्री मॅकॲल्पिन यांच्या हर्मिटेज मळ्यावर गुलामांकडून राखी रंगाच्या विटा भाजून घेत, आणि त्या विटांनी सॅव्हाना शहरातील कितीतरी घरे उभी राहिली. १९३० च्या दशकात, म्हणजे जवळपास ही मंडळी दफ्तरांत बसून टिपणे काढत होती त्याच सुमारास, हेन्री फोर्ड यांनी तो वाडा विकत घेऊन उतरवला आणि त्याचे सामान आपल्या रिचमंड हिल येथील घरासाठी वापरले. गुलामांच्या विटांच्या खोल्यांपैकी दोन फोर्ड यांनी मिशिगनमधील आपल्या संग्रहालयात हलवल्या. बेकार वास्तुविशारदांसाठी १९३३ साली निघालेल्या दुसऱ्या एका सरकारी योजनेत त्या खोल्यांची नोंद झालेली आहे. आपल्या प्रस्तावनेत ही नोंद आणि मळ्याचा लिखित इतिहास शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. भिंतीची जाडी कागदावर आली, पण त्या भिंतींच्या आत राहणाऱ्यांची नावे आली नाहीत.

मीनल_र

जुने_दफ्तर यांचा प्रतिसाद उत्तम आहे, पण मालमत्तेच्या याद्या अगदीच मुक्या असतात असे मी म्हणणार नाही. मार्च १८५९ मध्ये सॅव्हानाजवळच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर पिअर्स बटलर यांच्या मळ्यांवरील ४३६ माणसे दोन दिवसांच्या लिलावात काढण्यात आली. त्या लिलावाच्या यादीत पहिले नाव जॉर्ज, वय २७, कापसाचा पक्का गडी. दुसरे स्यू, वय २६, भाताच्या कामाची. तिसरे पुन्हा जॉर्ज, वय ६. चौथे हॅरी, वय २. यादी विक्रीसाठी केलेली असली तरी तिच्यात एक कुटुंब आहे, बापाचे नाव मुलाला दिलेले आहे आणि कोणाला कोणते काम येत होते तेही आहे. सॅव्हानाच्या गटाने अशा कागदांतून किंमत आणि संख्या उचलली. नावे त्यांच्याही डोळ्यांसमोर होती.

मुलाखतींविषयी थोडे सविस्तर लिहिते. ही कल्पना सरकारी कार्यालयात जन्मलेली नाही. १९२९ च्या सुमारास फिस्क आणि सदर्न या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठांत अशा मुलाखती सुरू झाल्या होत्या. १९३४ साली लॉरेन्स रेडिक या तरुण कृष्णवर्णीय इतिहासकाराने शिकलेल्या पण बेकार कृष्णवर्णीयांकडून हे काम करून घ्यावे असे सरकारला सुचवले. लेखक योजनेत काही राज्यांनी, विशेषतः फ्लॉरिडाने, आपणहून काही मुलाखती घेतल्या आणि त्या वॉशिंग्टनला पोहोचल्यावर एप्रिल १९३७ मध्ये लोकवाङ्मयाचे सल्लागार जॉन लोमॅक्स यांनी प्रश्नावली तयार करून सर्व संबंधित राज्यांना पाठवली. अखेर १७ राज्यांतून २,३०० हून अधिक कथने आणि सुमारे ५०० छायाचित्रे जमा झाली.

आता पोटभर अन्नाच्या वाक्याबद्दल. मुलाखत देणाऱ्यांपैकी बहुतेक जण ऐंशीच्या पुढचे होते, म्हणजे १८६५ मध्ये मुक्ती मिळाली तेव्हा ते लहान मुले किंवा जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचे होते. भर शेतात राबण्याचे वय त्यांतील अनेकांना गुलामगिरीत आलेच नव्हते. शिवाय त्यांच्या दारात माणूस आला तो १९३७ साली, मंदी अजून सरलेली नसताना. अंगात काम करण्याची ताकद नाही, मुलाबाळांना रोजगार नाही, आणि सरकार म्हाताऱ्यांना काही मदत देणार आहे अशी बातमी कानावर आलेली. १९३५ च्या कायद्याने वृद्धांसाठी तशी तरतूद झालीही होती. अशा वेळी कोणी सरकारी बाई वही घेऊन समोर बसली, तर ती मदत मंजूर करायला आली आहे असे वाटणे अगदी स्वाभाविक होते. त्यातून ती बाई गोरी, बहुधा त्याच गावची, कधी कधी जुन्या मालकाच्या नात्यागोत्यातली. भुकेल्या माणसाने जुन्या जेवणाची आठवण काढली तर ती त्या दिवशीच्या भुकेबद्दलही काही सांगत असते.

दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्स्टन शहराच्या सुझन हॅमलिन यांच्या मुलाखती आपण नक्की घ्या. १९३७ साली त्यांच्याशी एक गोऱ्या बाई बोलल्या आणि एक कृष्णवर्णीय गृहस्थही स्वतंत्रपणे बोलले. सुझन यांना त्या गोऱ्या बाई मदत खात्याच्या वाटल्या, आणि त्यांच्या टिपणात मालक फुलर हा चांगला माणूस ठरतो. कृष्णवर्णीय मुलाखतकाराच्या टिपणात मात्र फटके आहेत, आणि कोणाची आई, कोणाचा भाऊ न सांगता न सवरता विकायला नेला जाई तेव्हाच्या रात्रंदिवसाच्या किंकाळ्या आहेत. मुक्तीची तोफ झाली तेव्हा आपण गुडघ्यांवर बसून फरशी घासत होतो, ही आठवण याच दुसऱ्या टिपणातील. बाई एकच, शहर एक, वर्षही तेच.

रोखठोक

सगळे वाचले. स्पष्ट बोलतो, राग नसावा. ज्यांना लेखनाचा अनुभव नाही अशांनी पगारासाठी काम केले, समोरच्या म्हाताऱ्यांनी मदतीच्या आशेने उत्तरे दिली, आणि ध्वनिमुद्रण जवळजवळ नाहीच, म्हणजे जे आहे ते मुलाखतकाराला जेवढे आठवले तेवढे. अशा पुराव्यावर इतिहास उभा करणे म्हणजे वाळूवर घर बांधणे नव्हे काय? तिकडच्या संसदेच्या डाइस समितीने १९३८ मध्ये या योजनेवर साम्यवादी प्रचाराचा आरोप केला होता, त्यातही काही तथ्य असेलच ना?

जुने_दफ्तर

रोखठोक, राग कसला. पण हाच निकष लावायचा तर मळेवाल्यांच्या रोजनिश्या आणि पत्रेही बाजूला ठेवावी लागतील, कारण तीही हितसंबंध असलेल्या माणसांनीच लिहिलेली आहेत. गेली कित्येक दशके दक्षिणेचा इतिहास त्यांवरच लिहिला जात होता. डाइस समितीचा रोख मुख्यतः न्यूयॉर्कच्या कार्यालयावर आणि कामगार, वर्णभेद यांविषयीच्या मजकुरावर होता. १९३९ मध्ये संसदेने केंद्राचा थेट खर्च थांबवला आणि योजना राज्यांच्या आश्रयाने १९४३ पर्यंत रखडत चालली. साम्यवादी प्रचाराचा आरोप खरा असता, तर या मुलाखतींत मालकाच्या निंदेचा अतिरेक दिसायला हवा होता. प्रत्यक्षात कल उलट दिशेला आहे.

हा कल कसा आला याचाही थोडा पुरावा आहे. इतिहासकार जॉर्ज रॉविक यांनी १९७० च्या दशकात राज्याराज्यांतील दफ्तरे धुंडाळली तेव्हा वॉशिंग्टनला न पाठवलेल्या कथनांचे ढीग त्यांना मिळाले, विशेषतः मिसिसिपीत. टेक्सासमध्ये पाठवलेल्या प्रती आणि तेथेच राहिलेल्या मूळ प्रती ताडून पाहिल्या, तर कठोर भाग गाळून मजकूर आखूड केल्याचे दिसते. लुइझियानाच्या मुलाखती वॉशिंग्टनच्या मुख्य संग्रहात गेल्याच नाहीत. तेव्हा वाळू आहे हे मान्य, पण ती कोणी, कोठे आणि किती चाळली हे बऱ्याच अंशी सांगता येते, आणि बहुतेक जुन्या कागदांबाबत तेवढेही सांगता येत नाही.

सदाशिव_भाषांतरे

अनुवादाच्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही म्हणून लिहितो. मुलाखतींतील जी बोली आपल्याला दिसते ती सांगणाऱ्याची जेवढी, तेवढीच लिहिणाऱ्याच्या कानाची आहे. गोऱ्या वाचकाला ‘निग्रो बोली’ कशी वाटते याचे साचे तेव्हा मासिकांतून आणि रंगभूमीवरून पक्के झालेले होते आणि अनेक मुलाखतकारांनी तेच वापरले. योजनेत कृष्णवर्णीयांविषयीच्या लेखनाचे संपादक असलेले कवी स्टर्लिंग ब्राउन यांनी जून १९३७ मध्ये यावर एक टिपण काढले. माणसाच्या बोलण्याची ढब आणि वाक्प्रचार जपणे महत्त्वाचे, उच्चार हुबेहूब टिपणे दुय्यम, हा त्याचा सारांश. कोणती स्पेलिंगे टाळावीत याची यादीही त्यांनी दिली. त्या यादीत ‘वॉज’ या साध्या क्रियापदाचे मोडके स्पेलिंग आहे. गंमत अशी की ते स्पेलिंग वाचले तरी उच्चार तोच होतो. बदलते ते एवढेच की बोलणारा अडाणी ठरतो. टिपण सगळीकडे पाळले गेले नाही, हे वाचताना दिसतेच.

म्हणून मोडकी स्पेलिंगे मराठीत आणण्याच्या फंदात पडू नये असे माझे मत आहे. वऱ्हाडी, मालवणी किंवा अहिराणी वापरली की सुझन हॅमलिन तत्क्षणी आपल्याकडच्या एखाद्या गावात येऊन बसतात, आणि ज्या वाचकाला ती बोली विनोदी नाटकांतूनच माहीत आहे तो नको तेथे हसतो. साधी बोलीभाषेतील मराठी घ्यावी, वाक्ये त्यांच्याएवढी आखूड ठेवावीत, त्या एकच गोष्ट दोनदा सांगतात तेथे आपणही दोनदा सांगावी, आणि मजकूर सपाट करू नये.

खरी अडचण निराळीच आहे आणि ती केवळ मराठीची आहे. इंग्रजीत मालकाला एकच सर्वनाम पुरते. मराठीत मात्र ‘मालक चांगले होते’ की ‘मालक चांगला होता’ हे ठरवल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही. मीनलताईंनी वर अभावितपणे ‘चांगला माणूस ठरतो’ असे लिहिले, त्यातही एक निर्णय होऊन गेला. गोऱ्या बाईंपुढे आदरार्थी आणि कृष्णवर्णीय गृहस्थांपुढे एकेरी, असा फरक करण्याचा मोह अनुवादकाला होणारच. पण तसे केले तर दोन मुलाखतींतील फरकाचा अर्थ आपण वाचकाच्या आधीच लावून टाकतो.

मीनल_र

सदाशिवराव, चूक मान्य. मी ते वाक्य लिहिले तेव्हा माझ्या मनात फुलरबद्दल आदर नव्हता आणि तो नसणे थेट व्याकरणात उतरले. मुलाखतकारांचेही बहुधा असेच झाले असावे. टंकलेखनाला बसण्याआधीच त्यांचे मत कानात मुरलेले होते.

एक पुस्ती जोडते. मुलाखतकार सुझन यांना कोणत्या नावाने हाक मारतो आणि त्या त्याला काय म्हणतात, हेही तपासून घ्यावे. तेथेही मराठीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतील निवड करावी लागणार. अशा वयाच्या बाईला एखाद्या अनोळखी माणसाने ‘तू’ म्हणणे आपल्या वाचकाला खटकेल, आणि त्या काळच्या दक्षिणेतील व्यवहार दाखवायचा असेल तर ते खटकलेलेच बरे. मात्र अनुवादात जे ठरवाल ते तळटिपेत सांगावे.

कागदफूल

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतक्या नेमक्या मुद्द्यांची अपेक्षा नव्हती. तीन-चार निरनिराळ्या व्यक्तींऐवजी आता सुझन हॅमलिन यांच्याच दोन मुलाखती घेण्याचे ठरवले आहे. दोन्हींत मालकाला आदरार्थी रूपच ठेवीन, कारण जन्म चाकरीत गेलेल्या वृद्ध स्त्रीच्या तोंडी ते सवयीने येईल असे वाटते, आणि फटक्यांच्या वर्णनातही ‘मालकांनी’ असेच राहील. ते कानाला बोचेल, पण बोचू द्यावे. प्रस्तावनेत लिलावाच्या यादीतील त्या कुटुंबाचा उल्लेख करीन आणि मळ्यांच्या इतिहासातील ‘बांध घातले’ प्रकारच्या वाक्यांबद्दलही लिहीन.

एकच शंका उरली. एका टिपणात सुझन यांचे वय १०४ दिले आहे आणि दुसऱ्यात १०१. अनुवादात कोणते धरावे?

जुने_दफ्तर

दोन्ही. ज्या टिपणात जे आहे ते तेथे तसेच ठेवावे. त्यांच्या जन्माची नोंद आईबापांच्या नावाने करण्याचे बंधन कोणावर नव्हते. मालकाच्या वहीत गुलामाचे वय लिहिले जाई ते किंमत ठरवण्यापुरते. तळटीप द्यायचीच असेल तर एवढी एक ओळ पुरे.